कोंबडीच्या करातून वाढलेले ट्रक

गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी सकाळी बायकोने चहाचा कप पुढे ठेवला आणि विचारले, "त्या ट्रकचे काय ठरले?" मी म्हणालो, "बघतोय." माझ्या या 'बघतोय'ला तेव्हा दोन वर्षे झाली होती. ते तिच्याही लक्षात होते आणि माझ्याही.

मंडळी, ट्रक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पुणे-बंगलोर रस्त्यावरचा, मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला दहाचाकी आला असेल. तो नव्हे. अमेरिकेत नुसते 'ट्रक' म्हटले की बहुतेक वेळा पिकअप समजायची. पुढे मोटारीसारखी केबिन, मागे उघडा हौदा. आपल्याकडे हे काम टेम्पो करतो. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीचे नाव आपण सरसकट त्या जातीच्या सगळ्या गाड्यांना देऊन टाकले. (कंपनीने २००५ साली आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले, पण आपण कसले बदलतो!) मी ट्रक घेतला तेव्हा सांगलीला फोन करून बाबांना मोठ्या उत्साहाने वर्णन सांगितले होते. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हणजे टेम्पोच ना? इंजिनिअर होऊन टेम्पो घेतलास?"

तर हा टेम्पो म्हणजे १९९८ सालची फोर्ड रेंजर. मी ती २००१ साली एका निवृत्त पोस्टमनकडून घेतली. थंडीला कंटाळून तो ॲरिझोनाला निघाला होता. दोन माणसे बसतील एवढी केबिन, सहा फुटांचा हौदा, पाच गिअर, आणि काचा हाताने फिरवून खाली करायच्या. दोन भाड्याची घरे आणि एक स्वतःचे घर, अशा तीन घरांचे सामान तिने वाहिले. मुलीचा पाळणा तिच्यातून आला आणि पुढे तिच्यातूनच दुसऱ्या कुणाच्या घरी गेला. मिनेसोटात हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे चाकांच्या कमानी गंजल्या आहेत. बाकी तब्येत ठणठणीत. आकडा एक लाख चौसष्ट हजार मैलांवर, म्हणजे दोन लाख साठ हजार किलोमीटरांच्या पुढे गेला आहे.

प्रश्न उभा राहिला तो मुलीमुळे. ती सोळा वर्षांची झाली, लायसन्स आले, आणि म्हणाली, "बाबा, ट्रक मला द्या." तिला त्या जुन्या गिअरचे भारी कौतुक. तिच्या वर्गात क्लच कशाशी खातात हे कोणालाच ठाऊक नाही. बायकोचे म्हणणे, ट्रक विका आणि पोरीला धड गाडी घ्या. माझे म्हणणे, जुना विकून नवा छोटा ट्रक घेऊ, म्हणजे सगळेच खूश. मग इंजिनिअरला शोभेल अशा पद्धतीने मी खिशात टेप घेऊन नवे ट्रक मोजायला निघालो.

आणि पंचाईत झाली. माझ्या ट्रकएवढा नवा ट्रक मला कुठेच दिसेना.

माझी रेंजर लांबीला साधारण साडेपंधरा फूट आणि रुंदीला पावणेसहा फूट. शोरूममध्ये उभी असलेली चार दारांची एफ-१५० मोजली, तर लांबी एकोणीस फुटांच्या वर आणि रुंदी आरसे सोडून साडेसहा फुटांच्या पुढे. म्हणजे माझ्यापेक्षा जवळजवळ चार फूट लांब. मग हौदा मोजला, तर साडेपाच फूट. माझ्यापेक्षा अर्धा फूट कमी! टेप चुकली असेल म्हणून पुन्हा मोजले. विक्रेता शांतपणे बघत होता. त्याने असले गिऱ्हाईक आधीही पाहिले असणार.

गाडी चार फुटांनी वाढली आणि हौदा अर्ध्या फुटाने आटला, तर मधली जागा गेली कुठे? ती केबिनने खाल्ली. मागच्या बाकावर तीन धिप्पाड माणसे पाय पसरून बसतील एवढी जागा, पुढे छोट्या टीव्हीएवढा पडदा, बसायला गरम होणाऱ्या चामड्याच्या खुर्च्या. एका अमेरिकन वृत्तसंस्थेने २०२३ साली असाच हिशेब मांडला होता. पहिल्या पिढीच्या एफ-१५० मध्ये लांबीचा ६४ टक्के भाग हौद्याचा आणि ३६ टक्के केबिनचा होता. २०२१ सालापर्यंत हे प्रमाण उलटले, ६३ टक्के केबिन आणि ३७ टक्के हौदा. थोडक्यात, टेम्पोचा दिवाणखाना झाला.

हे कसे झाले ते शोधायला बसलो आणि पार शंभर वर्षे मागे गेलो. त्या वाटेत एक कोंबडीही भेटली. ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली. अमेरिकन शेतकऱ्याने ती घेतली आणि तिचे काय काय केले! मागचे चाक उचलून त्याला पट्टा लावायचा आणि त्यावर लाकूड कापायचे, पाणी उपसायचे. माल न्यायचा तर मागचा भाग काढून गावच्या सुताराकडून खोका बसवून घ्यायचा. लोक हे घरीच करत आहेत हे पाहून फोर्डने १९२५ सालच्या एप्रिलमध्ये कारखान्यातूनच खोका बसवलेली गाडी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर, इंजिन वीस अश्वशक्तीचे, हौदा साधारण चार फूट आठ इंचांचा. पिकअपची अधिकृत वंशावळ इथून सुरू होते, असे म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर शेव्हरोलेने १९४७ मध्ये आणि फोर्डने १९४८ मध्ये मोटारीपासून वेगळे, खास ट्रक म्हणूनच आखलेले नमुने आणले. फोर्डची एफ मालिका तेव्हापासूनची. एफ-१५० हे नाव १९७५ च्या मॉडेलपासून आले, आणि १९७७ पासून ही मालिका अमेरिकेत सर्वाधिक खपणारा ट्रक आहे. पण साठ-सत्तरच्या दशकापर्यंत हे काम करणाऱ्या माणसाचे वाहन होते. शेतकरी, सुतार, प्लंबर, रंगारी. रविवारी चर्चला जाताना तो धुऊन घ्यायचा, एवढीच त्याची ऐट.

आता कोंबडी.

युद्धानंतर अमेरिकेत कारखान्यासारखे कुक्कुटपालन सुरू झाले आणि कोंबडी भलतीच स्वस्त झाली. ही स्वस्त कोंबडी पश्चिम जर्मनीत धो धो जाऊ लागली. तिथले शेतकरी ओरडू लागले. १९६२ साली युरोपच्या सामाईक बाजारपेठेने अमेरिकन कोंबडीवर जबर जकात बसवली. बोलणी झाली, फिसकटली. शेवटी ४ डिसेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडींच्या हत्येनंतर दोन आठवडे उलटतात न उलटतात तोच, नवे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उलट जकात जाहीर केली. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक, या चार गोष्टींवर. ट्रकवर पंचवीस टक्के.

कोंबडीच्या भांडणात ट्रक कुठून आला? तर फोक्सवॅगनची हौदेवाली गाडी तेव्हा जर्मनीतून अमेरिकेत येत होती. जर्मनांना टोचेल अशी वस्तू हवी होती आणि मोटार कामगारांच्या संघटनेलाही ते हवेच होते. पुढे स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि ब्रँडीवरची जकात उठली. ट्रकवरची राहिली. साठ वर्षे उलटून गेली तरी ती कायद्याच्या पुस्तकात आहे आणि लोक तिला अजून 'चिकन टॅक्स' म्हणतात. साध्या मोटारीवरची मूळ जकात अडीच टक्के आणि हौदा असलेल्या गाडीवर पंचवीस! दक्षिण कोरियाबरोबरच्या व्यापार करारात ही जकात काढायची ठरले होते, पण २०१८ साली तो करार दुरुस्त करून तिला २०४१ पर्यंत मुदतवाढ दिली.

जिथे जकात आली तिथे पळवाटही आली. सत्तरच्या दशकात जपानी छोटे ट्रक अमेरिकेत यायचे ते हौद्याशिवाय. नुसती केबिन आणि सांगाडा आणला तर जकात चार टक्के. बंदरात उतरवले की इथे हौदा ठोकायचा. फोर्डने माझ्दाकडून बनवून घेतलेली कुरिअर आणि शेव्हरोलेने इसुझूकडून घेतलेली लव्ह, दोन्ही १९७२ पासून अशाच विकल्या गेल्या. सुबारूने तर आणखी कमाल केली. ब्रॅट नावाच्या गाडीच्या उघड्या हौद्यात प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या बसवल्या आणि सांगितले, साहेब, ही प्रवासी गाडी आहे! रोनाल्ड रेगन यांच्या रँचवर अशी एक ब्रॅट होती.

सांगाड्याची पळवाट १९८० साली बंद झाली. मग निस्सानने टेनेसी राज्यात कारखाना काढला आणि १९८३ साली त्यातून पहिली गाडी बाहेर पडली ती पिकअपच. अमेरिकन कंपन्यांनीही स्वतःचे छोटे ट्रक काढले. शेव्हरोलेची एस-१० आणि फोर्डची रेंजर ही त्याच वेळची भावंडे. म्हणजे माझा ट्रक हा एका अर्थाने त्या कोंबडीचाच नातू.

तुम्ही म्हणाल, जकातीमुळे छोटे देशी ट्रक जन्माला आले, मग ते मेले कशाने? ती गोष्ट पेट्रोलची आहे.

१९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि अमेरिकेला घाम फुटला. १९७५ साली कायदा झाला, की प्रत्येक कंपनीच्या गाड्यांनी सरासरी अमुक इतके मायलेज दिलेच पाहिजे. पण ट्रक म्हणजे शेतकऱ्याचे अवजार, म्हणून त्याला वेगळे, सौम्य माप लावले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोटारींना गॅलनला साडेसत्तावीस मैलांची अट होती आणि ट्रकना २०.७ मैलांची. आपल्या भाषेत, मोटारीला लिटरला साधारण पावणेबारा किलोमीटर आणि ट्रकला पावणेनऊ. परदेशी स्पर्धा नाही आणि मायलेजची सक्तीही कमी. कंपन्यांनी हिशेब केला, की पैसा ट्रकमध्ये आहे. १९९४ च्या मॉडेलची डॉज रॅम आली ती मालवाहू ट्रेलरच्या तोंडवळ्याची, उंच नाकाची. ती तुफान खपली आणि सगळ्यांनाच उंच नाके फुटू लागली. २००३ साली करांत सवलत वाढली. भरलेल्या वजनाची मर्यादा सहा हजार पौंडांच्या वर असलेली गाडी धंद्यासाठी घेतली, तर पहिल्याच वर्षी एक लाख डॉलरपर्यंतचा खर्च वजा करता येऊ लागला. आधी ही मर्यादा पंचवीस हजारांची होती. मग डॉक्टर आणि वकीलही शेतकऱ्याचे अवजार घेऊ लागले.

छोट्या ट्रकवरचा शेवटचा घाव गंमतीचा आहे, कारण तो सद्हेतूने घातला गेला. २००६ साली ट्रकसाठी मायलेजचा नियम बदलला. नवे माप गाडीच्या 'पाऊलठशा'वर ठरणार, म्हणजे चार चाके जमिनीला टेकतात त्यांच्यामधल्या चौकोनाच्या क्षेत्रफळावर. चौकोन मोठा तर अट सौम्य, छोटा तर कडक. हेतू असा, की कंपन्यांनी मायलेजसाठी गाड्या चिमुकल्या आणि धोकादायक करू नयेत. परिणाम काय झाला? छोट्या ट्रकला जड काम करायचे आणि मायलेज मात्र मोटारीच्या जवळपास द्यायचे. इंजिन सुधारण्यापेक्षा चाके लांब लांब सरकवणे सोपे! कारखान्यात मी हे रोज बघतो. तुम्ही जे मोजता त्याचीच माणसे काळजी घेतात, आणि जे मोजत नाही ते गुपचूप बिघडते. २०२५ च्या जुलैत मायलेज न पाळण्याचा दंडच शून्यावर आणला गेला, पण म्हणून ट्रक लगेच आकसतील अशी आशा करू नका. एव्हाना गिऱ्हाइकाला आणि कंपनीच्या ताळेबंदाला, दोघांनाही मोठ्याची सवय लागली आहे.

इथे एक आपल्या घरचा संबंधही आहे. आपल्या महिंद्रने याच रिकाम्या जागेत शिरायचे ठरवले होते. नाशिकला बनणाऱ्या स्कॉर्पिओच्या घरातली डिझेल पिकअप अमेरिकेत विकायची. मी आणि ऑफिसातले दोन-चार मराठी मित्र अगदी डोळे लावून बसलो होतो. २०१० च्या ऑगस्टमध्ये इथल्या पर्यावरण खात्याचे प्रमाणपत्रही मिळाले. पण अमेरिकेतल्या वितरकाशी बिनसले, प्रकरण कोर्टकचेरीत गेले आणि तो ट्रक कधी आलाच नाही. आला असता तर मी बाबांना फोन करून सांगितले असते, की बघा, आता इथले इंजिनिअर नाशिकचा टेम्पो घेतात!

आता माझ्या रेंजरच्या जन्मगावाविषयी. प्रत्येक गाडीला सतरा अक्षरी नंबर असतो आणि त्यातले अकरावे अक्षर कारखाना सांगते. माझ्या ट्रकवर तिथे 'पी' आहे, म्हणजे सेंट पॉल. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर! मिसिसिपी नदीच्या काठावर, उंच कड्यावर फोर्डचा हा कारखाना १९२५ साली सुरू झाला. म्हणजे पहिली पिकअप विकायला आली त्याच वर्षी. खाली नदीवर त्याचे स्वतःचे वीजकेंद्र. कड्याच्या पोटात पांढरा वालुकाश्म, तो बोगदे खणून काढायचा आणि त्याच्या वाळूतून गाड्यांच्या काचा करायच्या. महायुद्धात इथे चिलखती गाड्या बनल्या, आणि पुढे रेंजर.

२०११ च्या डिसेंबरात हा कारखाना बंद झाला. शेवटची रेंजर पांढऱ्या रंगाची होती आणि ती घरातले किडे-मुंग्या मारणाऱ्या एका कंपनीकडे कामाला गेली. रेंजर हे नाव अमेरिकेत २०१९ साली परत आले, पण अंगाने चांगलेच भरून. कारखाना पाडला. तिथे आता हायलंड ब्रिज नावाची नवी वसाहत उभी राहिली आहे. इमारती, तळे, फिरायला वाटा. मी एकदा ट्रक घेऊन तिथे गेलो आणि नव्या कोऱ्या फुटपाथशेजारी लावला. एक कुत्रे फिरवणारी बाई थांबून म्हणाली, "गोड आहे हो तुमचा ट्रक!" एकेकाळी सुताराच्या हाताखाली राबणारी वस्तू आता गोड वाटू लागली, म्हणजे तिचा काळ संपला असे समजावे.

असो. नव्या ट्रकांकडे वळू. माझ्या यादीत शेवटी दोनच टिकले.

पहिली फोर्डची मॅव्हरिक. २०२१ साली आली तेव्हा पायरीची किंमत १९,९९५ डॉलर आणि इंजिन हायब्रीड. लोकांच्या उड्या पडल्या. २०२५ सालापर्यंत तीच पायरी सव्वीस हजारांच्या वर गेली. बनते मेक्सिकोत, कारण १९९४ च्या नाफ्टा करारापासून तिकडच्या ट्रकना कोंबडीचा कर लागत नव्हता. मायलेज उत्तम. हौदा साडेचार फूट. मला आठवले ते १९२५ चे चार फूट आठ इंच. शंभर वर्षे, आणि आपण दोन इंच मागे!

दुसरी स्लेट. ही नवी कंपनी. तिने २०२५ च्या एप्रिलमध्ये विजेवरचा दोन माणसांचा ट्रक दाखवला. रंग नाही, रेडिओ नाही, काचा हाताने फिरवायच्या. चित्र बघून मी मोठ्याने हसलो, कारण तो माझाच ट्रक होता. सरकारी सवलत धरून वीस हजारांच्या आत, असे तेव्हा सांगितले होते. पण ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली.

बाकी विजेचे मोठे ट्रक पाहून घेतले. टेस्लाचा पत्र्याच्या कपाटासारखा सायबरट्रक २०१९ साली दाखवला तेव्हा ३९,९०० डॉलर होता आणि २०२३ साली हातात पडेपर्यंत यादीतला सर्वांत स्वस्त साठ हजारांच्या पुढे गेला. विजेवरची एफ-१५० २०२२ साली आली आणि २०२५ च्या डिसेंबरात फोर्डने ती थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याआधी ऑगस्टमध्ये त्याच फोर्डने सांगितले, की २०२७ साली तीस हजारांच्या आसपास विजेचा मध्यम ट्रक आणू, तोही लुईव्हिलच्या कारखान्यात. रेंजरचा जन्म झाला तोच कारखाना. चक्र फिरते ते असे.

पण हे सगळे मोजताना माझ्या मनात खरे जे बोचले ते वेगळेच. एफ-१५० समोर उभा राहिलो तर तिचे नाक माझ्या छातीला लागत होते. रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या विमा कंपन्यांच्या संस्थेने २०२३ साली एक अभ्यास मांडला. बॉनेट चाळीस इंचांहून उंच असलेली वाहने, तीस इंच किंवा कमी उंचीच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांच्या तुलनेत, धडक बसलेल्या पादचाऱ्याचा जीव घेण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के जास्त. आणि अशा नाकांच्या गर्दीत मी माझ्या सोळा वर्षांच्या पोरीला कशात बसवणार होतो? दीड टनाच्या आतबाहेरच्या, बाजूच्या एअरबॅग नसलेल्या, गंजलेल्या कमानींच्या ट्रकमध्ये. गाडी घसरू लागली तर आपोआप सावरणारी यंत्रणा इथे २०१२ च्या मॉडेलपासून सक्तीची आहे. माझ्यात ती नाही. बर्फावर रिकामा हौदा कसा नाचतो ते मला माहीत आहे. मी मागे वाळूच्या चार गोण्या टाकून गाडी चालवतो. ती टाकेल?

मग मी एक काम केले, जे खरे तर आधीच करायला हवे होते. माझी एक वही आहे. ट्रकमध्ये पेट्रोल, ऑइल, टायर, कुठे गेलो, काय आणले, सगळे तिच्यात लिहितो. बाबांची सवय. ती घेऊन बसलो आणि मोजले, की गेल्या वर्षभरात हौद्यात खरोखरचे सामान किती दिवस होते.

अकरा दिवस.

बागेची माती दोनदा, फळ्या तीनदा, मित्राचा सोफा, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचे मखर नेणे-आणणे, जुने कपाट, आणि दोनदा पालापाचोळा. बाकीचे तीनशे चौपन्न दिवस माझा हौदा रिकामा होता. मी शोरूममध्ये टेप घेऊन ज्या लोकांना मनातल्या मनात हसत होतो, की आयुष्यात कधी विटा वाहिल्या नाहीत आणि ट्रक कशाला, त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की माझा दिवाणखाना छोटा होता.

हे बायकोला सांगितले. ती म्हणाली, "मला कोणी विचारले असते तर वही न उघडता सांगितले असते."

जाहिरात दिली आणि दोन गिऱ्हाइके आली. पहिला पंचविशीतला मुलगा. जुने छोटे ट्रक जमवायचा त्याला नाद. त्याने ३,२०० डॉलर देऊ केले. गंज काढून, रंग मारून गॅरेजमध्ये ठेवणार होता. "पावसात काढणारच नाही," असे त्याने मला अगदी खात्रीने सांगितले. दुसरा एक मोंग शेतकरी, बरोबर त्याचे म्हातारे वडील. लाओसमधल्या युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेले हे लोक १९७५ नंतर निर्वासित होऊन इथे आले. सेंट पॉलमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे, आणि इथल्या शेतकरी बाजारात कोथिंबीर, मिरच्या, पडवळ मिळते ते त्यांच्याच कृपेने. म्हाताऱ्याने इंजिन बघितलेच नाही. त्याने आपल्या गाडीतून भाजीचा एक रिकामा क्रेट काढला आणि तो हौद्यात सरकवत सरकवत, बोटांवर मोजत, किती मावतील ते पाहिले. मग कडेवरून वाकून तळाला हात लावला. उंच नाही, वाकून क्रेट उचलता येतो, हे त्याला आवडले. मुलाने सांगितले, "नव्या ट्रकवर वडिलांना चढावे लागते." ते २,६०० च्या वर जायला तयार नव्हते.

मी २,६०० ला दिला.

"सहाशे डॉलरचे तत्त्वज्ञान," बायको म्हणाली. पण म्हणाली हसून. मुलीला एक जुनी पण सगळ्या सुरक्षा असलेली छोटी मोटार घेतली. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग तिला ट्रकवर शेवटचे दोन रविवार रिकाम्या पार्किंगमध्ये गिअर शिकवले, तेव्हा तह झाला. आता अकरा दिवसांसाठी हार्डवेअरच्या दुकानातून तासावर ट्रक भाड्याने मिळतो, तो आणतो. यंदाच्या गणपतीचे मखर त्यातूनच आले.

मागच्या महिन्यात शनिवारी बाजारात गेलो होतो. पलीकडच्या गल्लीत माझा ट्रक उभा होता. कमानींना कोणीतरी लाल पत्रा ठोकला होता, रंग जुळत नव्हता. हौद्यात कांद्याच्या पाती आणि ओल्या क्रेटचा ढीग. म्हाताऱ्याने मला ओळखले, बोलला काही नाही, पण मिरच्यांची एक जुडी जास्त टाकली.

घरी येऊन बाबांना फोन केला. म्हटले, "बाबा, टेम्पो विकला. भाजीवाल्याला."

ते म्हणाले, "बरे झाले. कामाला लागला."